पाठकोरे कागद

४ मार्च

धुलाईखान्यातल्या माझ्या बायांनो, आणि त्यांच्यातली माझी भाची भिंगरी,

ज्यांच्या पुढ्यात जन्मभर परक्या भाषेतले कागद सरकवले गेले आणि तळाशी बोट ठेवून फक्त "इथे सही करा" म्हटलं गेलं, त्या सगळ्यांपैकी मी एक आहे आणि तुम्हीही आहात. वाचायला वेळ मागितला तर मागे रांग खोळंबते. अर्थ विचारला तर समोरचा चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, नेहमीचंच आहे. नेहमीचं कोणाचं? त्याचं. आपल्यावर ती वेळ पहिल्यांदाच आलेली असते. चाळीस वर्षं मी कारखान्यांच्या फाटकांवर हेच ओरडत आलो की न वाचता सही करायची नाही.

भिंगरी, तुझं पत्र पोचलं. हॉस्पिटलने नोंदणीच्या खिडकीवर आतल्याच कामगारांतून एक माणूस घ्यायचं ठरवलंय, रुग्णांना कागद समजावून सांगणारं. मुलाखत वीस एप्रिलला आणि ती इंग्रजीत. अठरा वर्षं चादरी धुतलेल्या बाईने ही खिडकी मागावी, याहून चांगली बातमी मी या वर्षात ऐकलेली नाही. मी शिकवतो. पण पत्राने. फोन करू नकोस, फोनवरचं शिक्षण या कानातून त्या कानात जातं.

पहिला धडा. रोजच्या इंग्रजीत काही नामं एकटी उभी राहत नाहीत. नुसतं 'संधी' म्हटलं की ऐकणारा विचारतो, कसली? आपण मराठीत ते आधीच सांगून टाकतो: बोलायची संधी, जायची परवानगी, नकार द्यायचा हक्क. करायचं ते पुढे चालतं आणि नाम मागून येतं. इंग्रजी माणूस पिशवी दुसऱ्या टोकाने उघडतो. आधी नाम टेबलावर ठेवतो, मग 'टू', मग करायचं काय ते. चान्स टू स्पीक. परमिशन टू लीव्ह. राइट टू रिफ्यूज. हातातल्या कामालाही हेच लागू. घडी घालायच्या चादरी म्हणजे शीट्स टू फोल्ड. तुमच्या खिडकीवरच्या कागदांत अशा जोड्या पावलोपावली भेटतील.

नियम एकच. दर पत्रात या घडणीची पाच वाक्यं लिहायची आणि पाचही खरी. 'मांजराला दूध प्यायची इच्छा आहे' असली वाक्यं चालणार नाहीत. तुझ्याकडे मांजर नाही. नियम मलाही लागू, म्हणून ही माझी पाच:

आय हॅव्ह अ क्लास टू टीच. आय हॅव्ह अ प्रॉमिस टू कीप. आय हॅव्ह लेटर्स टू राइट. आय हॅव्ह नोबडी टू शाउट ॲट. आय हॅव्ह नो परमिशन टू स्पीक.

पानामागे जुन्या सभेचं पत्रक छापलेलं आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस. पाठकोरा कागद टाकून देणं मला जमत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

तुझा मामा


११ मार्च

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. 'माझ्या बायांनो' म्हटल्यावर मुख्य मावशी म्हणाल्या, हा कोण ग मालक आमचा? शेवटपर्यंत ऐकलं मात्र त्यांनीच, आणि मग पत्र हातात घेऊन मागचं पत्रकसुद्धा वाचलं.

आता आमचा अभ्यास असा चालतो. गरम चादर यंत्रातून आली की मी एक टोक धरते, इस्त्रीवाली दुसरं. मी म्हणते, चान्स. ती पावलं टाकत माझ्याकडे येते, टोकाला टोक लावते आणि म्हणते, टू स्पीक. पुढच्या घडीला परमिशन, टू लीव्ह. एका पाळीत अडीचशे चादरी होतात, म्हणजे बघा. मावशी विचारतात, घड्या चादरींना पडतायत की तुमच्या जिभांना? काल त्याच नकळत 'टाइम टू गो' म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

माझी पाच वाक्यं: आय हॅव्ह शीट्स टू फोल्ड. आय हॅव्ह अ डॉटर टू टीच. आय हॅव्ह अ ड्रीम टू सिट. आय हॅव्ह नो टाइम टू क्राय. आय हॅव्ह अ फियर टू स्पीक.

तिसऱ्याला हसू नका. अठरा वर्षं उभ्याने काम केलंय. त्या खिडकीमागे खुर्ची आहे.

आता रागाचं. तुमचं पाचवं वाक्य, बोलायची परवानगी नाही. मला कळलं ते. तुमच्या कामगार संघटनेचे नवे सचिव तुम्हाला सभेत माइक देत नाहीत ना? ज्या माणसाने त्यांना संघटना बांधून दिली, त्याला खाली सतरंजीवर बसवतात? मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा खालचे शिंपीकाका बोलले, मामा फिरायला गेलेत म्हणे. तुम्ही कधीपासून फिरायला लागलात? तुमच्या मनाला लागलंय. मी सचिवांना लिहिणार आहे.

तुमची भिंगरी


१९ मार्च

भिंगरी,

सचिवांना लिहू नकोस. सभांबद्दल तू जे लिहिलंस त्यावर मला काही म्हणायचं नाही.

वाक्यं तपासली. पहिलं, दुसरं, चौथं उत्तम. 'ड्रीम'नंतर 'ऑफ सिटिंग' लाव. वाक्यात चूक आहे, स्वप्नात नाही. 'फियर'लाही 'टू' चालत नाही, फियर ऑफ स्पीकिंग म्हणतात. पण 'करेज'ला चालतं: करेज टू स्पीक. म्हणजे धैर्य करायच्या गोष्टीकडे सरळ चालत जातं आणि भीती वळसा घेते. यात तत्त्वज्ञान काही नाही, निव्वळ वापर आहे. पण चाळीस वर्षं भाषणं केलेल्या माणसाला त्यात तत्त्वज्ञान दिसलं तर दिसू दे.

कोणत्या नामाला काय लागतं याची यादी पाठ करत बसू नकोस. प्लॅन, डिसिजन, प्रॉमिस, नीड, एबिलिटी ही मंडळी 'टू'वाली, तेवढी ओळखून ठेव. बाकीची कानाने कळतात. आणि 'आस्क' शीक. खिडकीवरचं सगळ्यात मोठं इंग्रजी तेच. समवन टू आस्क, विचारायला कोणीतरी.

तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट सांगतो. एका फाटकावर चारशे माणसांना एक कागद दिला होता, संध्याकाळपर्यंत सह्या पाहिजेत. मी लोखंडी पिंपावर उभा राहिलो आणि म्हणालो, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली जाईल, जिचा अर्थ सगळ्यांना कळला तिच्यापुढे पेन्सिलीने बारीक खूण होईल, सगळ्या खुणा झाल्या की सही. दोन दिवस लागले. अकराव्या ओळीत काय लपवलंय ते दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. तेव्हापासून मी कोणताही कागद असाच वाचतो. मला न कळलेली ओळ मी कोणाला विचारलेली मात्र आठवत नाही. लोक मला विचारायचे.

माझी वाक्यं: आय हॅव्ह अ पेपर टू रीड. आय हॅव्ह अ डिसिजन टू मेक. आय हॅव्ह नो विश टू मेक इट. आय हॅव्ह नोबडी टू आस्क.

मामा


२८ मार्च

मामा, नमस्कार.

परवाची गोष्ट आधी सांगते, नाहीतर राहून जाईल.

धुतलेल्या चादरींची गाडी घेऊन मी वरच्या मजल्यावर चालले होते. नोंदणीच्या खिडकीवर एक सुतार उभे होते, कानामागे पेन्सिल तशीच खोचलेली. खिडकीवाल्यांनी कागद सरकवला, बोट ठेवलं, नेहमीचंच आहे म्हणाले. सुतारांनी सही केली. मग वळणावर मला गाठून हळूच विचारलं, बाई, ते पाय ठेवतील ना? मी गाडी भिंतीला लावली आणि त्यांच्या हातातली प्रत वाचली. जखम साफ करायची परवानगी, एवढंच होतं. पायाबियाचं नावही नव्हतं. मी सांगितलं तसे ते खाली बसले, मामा, तिथेच फरशीवर. मग म्हणाले, सकाळपासून मी एका पायाने चालायचा सराव करत होतो मनात.

मला ती खिडकी मिळालीच पाहिजे. आधी खुर्चीसाठी पाहिजे होती. आता तेवढंच नाही.

सचिवांना मी तुमचं पत्र यायच्या आधीच लिहून मोकळी झाले होते, माफ करा. फार वाईट नाही लिहिलं. 'कृतघ्न' एकदाच वापरलाय.

आणि तुमची वाक्यं चारच आली. मी दोनदा मोजली. वर्गात मी असं केलं असतं तर तुम्ही पत्र परत धाडलं असतं. पाचवं कुठे गेलं? आणि कुठला पेपर वाचायचाय, कुठला निर्णय घ्यायचाय? तुमच्याच नियमाने ही वाक्यं खरी असणार.

माझी पाच मागच्या पानावर आहेत. 'करेज'चं वाक्य मावशींनी स्वतः केलंय, ते तपासताना जपून.

तुमची भिंगरी


५ एप्रिल

भिंगरी,

सगळी वाक्यं बरोबर आहेत. मावशींचंही.

तुझी तयारी झाली आहे. आता माझ्या पत्रांची गरज नाही. मुलाखतीत घाई करू नकोस, प्रश्न नाही कळला तर पुन्हा विचार, त्यात कमीपणा नसतो. सुताराला जसं सांगितलंस तसं बोल.

मुलाखत होईपर्यंत लिहू नकोस. मला थोडं काम आहे.

मामा


८ एप्रिल

मामा,

लिहू नकोस म्हणालात तरी लिहिते आहे. उलटं बोलायला मला तुम्हीच शिकवलंत.

काल दोन गोष्टी एकाच टपालाने आल्या. एक सचिवांचं उत्तर. बिचाऱ्यांनी फार सभ्यपणे लिहिलंय की मामांना जानेवारीपासून तीनदा बोलावलं, दरवेळी चिठ्ठी येते की प्रकृती ठीक नाही, आणि आम्हालाच काळजी वाटते. त्यांची माफी मागायला मला आता वेगळं पत्र लिहावं लागणार.

दुसरं तुमचं पत्र. चार ओळींचं आणि पाच वाक्यांवाचून. सवयीने मी पान उलटलं. सभेचं पत्रक नव्हतं. तुमच्या गावच्या हॉस्पिटलचं संमतिपत्र होतं, वर तुमचं नाव, दोन मार्चची तारीख आणि खाली सहीची जागा मोकळी.

म्हणजे तुम्ही मला पहिलं पत्र लिहिलंत त्याच्या दोनच दिवस आधीची. बोलायची परवानगी सचिवांनी नाही, डॉक्टरांनी काढून घेतली होती. फोन नको, ते यासाठी. शिंपीकाका फोन घेत होते, ते यासाठी. आणि मी मूर्खासारखी सतरंजीवरून भांडत बसले.

मामा, त्या कागदावर तुमच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. पहिल्या ओळीपुढे आहे, दुसरीपुढे आहे, तिसरीपुढे अर्धवट, आणि त्याच्यापुढे एकही नाही. तिसरी ओळ म्हणते की आवाज बदलू शकतो किंवा जाऊ शकतो. तिथे तुम्ही थांबलात. ज्या माणसाने चारशे जणांना दोन दिवस उन्हात उभं ठेवून अकरावी ओळ वाचायला लावली, तो तिसऱ्या ओळीवर पाच आठवडे बसून राहिला. विचारायला कोणी नाही, असं तुम्ही मला खऱ्या वाक्यात लिहिलंत आणि मी ते व्याकरण म्हणून वाचलं.

आता माझा धडा ऐका. काल संध्याकाळी आम्ही धुलाईखान्यातल्या पाचही जणी घड्यांच्या टेबलाभोवती बसलो आणि कागद ओळीनं वाचला. अडलं तिथे वरच्या नर्सताईंना विचारलं. चौथी ओळ: तिसरीतला धोका फार क्वचित, पण सांगणं बंधनकारक म्हणून लिहिलाय. पाचवी: भूल देऊन घसा तपासायची परवानगी. सहावी: गाठीचा बारीक तुकडा तपासणीसाठी घ्यायची परवानगी. सातवी: याहून अधिक काहीही करायचं झालं तर वेगळा कागद, वेगळी सही, आणि तेव्हाही नकार द्यायचा हक्क तुमचा. आठवी: ही संमती शेवटच्या क्षणापर्यंत मागे घेता येते. एवढंच आहे. मावशींनी प्रत्येक ओळ पुन्हा मोठ्याने म्हणवून घेतली आणि स्वतःच्या हाताने खुणा केल्या. म्हणाल्या, कळव तुझ्या मामाला, मालकिणीने पास केलाय कागद.

गाठ कसली निघेल ते मला माहीत नाही. ते त्या कागदात नाही आणि मी खोटं वाक्य लिहिणार नाही. पण तुमचा आवाज कोणी सहीच्या जोरावर काढून नेणार नाहीये.

कागद मी टपालाने पाठवत नाही, तुम्ही त्याच्यावर पुन्हा कोणाला पत्र लिहाल. तेरा तारखेला सकाळच्या बसने मी स्वतः घेऊन येते. मुलाखत वीसला आहे, भरपूर वेळ आहे. खिडकीवरचा माझा पहिला माणूस तुम्ही.

एकच विचारते. हा कागद चुकून वापरलात की मुद्दाम?

भिंगरी


१७ एप्रिल

भिंगरी,

तू गेल्यापासून घर फार नीटनेटकं दिसतंय, मला काही सापडत नाही.

गाठीचा तुकडा घेतल्यावर दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही असा हुकूम आहे. शिंपीकाका खूश आहेत. तीस वर्षांत पहिल्यांदा बुद्धिबळात ते सलग जिंकले, म्हणतात मी बडबड करून त्यांची चाल बिघडवायचो.

त्या दिवशी बोलता येत नव्हतं म्हणून आता लिहितो. इथल्या हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या त्या तरुण कारकुनाने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं, तेव्हा तू त्या बोटाशेजारी तुझा हात ठेवलास. भांडली नाहीस. म्हणालीस, यांना आधी ऐकायचंय. आणि त्या गर्दीत, मागे रांग असताना, पहिल्या ओळीपासून वाचायला लागलीस. मागच्या बाई कुरकुरल्या. मग तिसऱ्या ओळीला त्या पुढे वाकून ऐकायला लागल्या, आणि सातव्या ओळीला त्यांनीच विचारलं की माझ्याही कागदात हे आहे का हो. मी आयुष्यात मोठमोठ्या सभा जिंकल्या, भिंगरी. दीड हात रुंदीच्या खिडकीवर कोणी सभा जिंकलेली पाहिली नव्हती.

चौथी ओळ तू वाचलीस आणि मी होतो तिथेच खाली बसायला लागलो. सुतार फरशीवर का बसला ते मला कळलं. तू खुर्ची पुढे ओढलीस, म्हणून माझी फरशी टळली.

तपासणीचा निकाल पंचवीसला. भीती आहेच. पण आता ती गाठीची आहे, कागदाची नाही. पाच आठवडे मी वेगळ्याच भुताला घाबरत होतो, आणि गाठ तशीच राहिली. ही चूक मी दुसऱ्या कोणाला माफ केली नसती.

तू विचारलंस, चुकून की मुद्दाम. त्या दिवशी टेबलावर पाठकोऱ्या कागदांची चळत वीतभर उंच होती. तरी हात उशीखालच्या त्या कागदाकडे गेला. अधिक विचारू नकोस.

आय हॅव्ह अ नीस टू थँक, आभार मानायला एक भाची. बाकीची चार वाक्यं निकालानंतर.

मामा


२२ एप्रिल

मामा, नमस्कार.

मिळाली. खिडकी मिळाली. सोमवारपासून बसायचंय.

तिघेजण समोर होते. पहिल्या दोन प्रश्नांना माझं सगळं इंग्रजी वाफ होऊन गेलं. एक प्रश्न कळलाच नाही, तेव्हा तुमचं आठवलं आणि पुन्हा विचारला. मधल्या बाईंनी विचारलं, रुग्ण घाबरला आणि सही करत नसेल तर तुम्ही काय कराल? मी म्हटलं, तो कुठल्या ओळीवर थांबलाय ते आधी बघेन. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग मी त्यांना तुमचं नाव न घेता तीन पेन्सिलखुणांची गोष्ट सांगितली, इंग्रजी मोडकंतोडकंच होतं. शेवटी म्हणाले, तुमच्या काही अटी आहेत का? मी म्हटलं, खिडकीच्या बाहेरही एक खुर्ची पाहिजे.

धुलाईखान्यात मावशींनी मला चादरीत गुंडाळून यंत्राभोवती फिरवलं. म्हणाल्या, आता तू टेबलावरची, आम्हाला विसरशील. इस्त्रीवाली रडली आणि रडतारडता म्हणाली, नो टाइम टू क्राय.

पंचवीसला निकाल कळला की त्याच दिवशी लिहा. चांगला असो, वाईट असो. पाचही वाक्यं.

तुमची भिंगरी


२६ एप्रिल

धुलाईखान्यातल्या माझ्या बायांनो, माझ्या कागदावर खुणा करणाऱ्या मालकीणबाई, आणि खिडकीवरची भिंगरी,

गाठ साधी आहे. डॉक्टरांनी सांगितलं की चाळीस वर्षं ओरडल्याची ती पावती आहे, दुसरं काही नाही. औषध, वाफ, आणि जिभेला शिस्त. मालकांना जे कधी जमलं नाही ते माझ्याच घोषणांनी करून दाखवलं होतं. काल मी पहिल्यांदा बोललो. आवाज जुन्या दरवाज्यासारखा करकरला, पण माझाच होता. शिंपीकाकांनी तोंड फिरवलं आणि बराच वेळ सुईत दोरा ओवत बसले. सुईत दोरा आधीपासूनच होता.

दिवसाला दहा मिनिटं बोलायची मुभा मिळाली आहे. ती कशी खर्च करावी याचा मी कालपासून विचार करतोय.

मी लोकांना म्हणत आलो, न वाचता सही करू नका. म्हणणं खरं होतं, पण अपुरं होतं. ज्याला वाचता येत नाही, किंवा वाचताना जो तिसऱ्या ओळीवरच थांबतो, त्याला शेजारी माणूस लागतो. ते मी कधी सांगितलं नाही, कारण मला कोणी शेजारी लागेल हे मला मान्य नव्हतं. फाटकावर मी एकटा पिंपावर उभा होतो. तुम्ही पाचजणी टेबलाभोवती बसलात, आणि माझं काम तुमच्या बसण्याने झालं.

माझी वाक्यं, पाचही खरी: आय हॅव्ह अ व्हॉइस टू सेव्ह. आय हॅव्ह अ नीस टू थँक. आय हॅव्ह फोर सिस्टर्स टू मीट. आय हॅव्ह समवन टू आस्क. आय हॅव्ह नथिंग टू हाइड.

आता ऐका. तुमच्या प्रत्येकीच्या घरात, कपाटाच्या तळाशी, पिशवीत, गादीखाली, सही केलेला पण कधीच न वाचलेला एक तरी कागद आहे. आहे, मला माहीत आहे. भिंगरीची खिडकी दुपारी दोनला जेवणासाठी बंद होते. मी सोमवारी सकाळच्या बसने येतो आहे. माझी दहा मिनिटं मी खिशातच ठेवणार, मला त्या दिवशी ऐकायचंय. सोमवारी दुपारी दोनला तो एक कागद घेऊन त्या बाहेरच्या खुर्चीवर बसा आणि माझ्या भाचीला म्हणा, पहिल्या ओळीपासून वाच.